एका बाजूची दाढी

१८ नोव्हेंबर १९९८, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. स्टेशन डायरीतील ही नोंद माझ्या हातची आहे, आणि तिच्यामागची घटना आजही मला क्रमाने, जशीच्या तशी आठवते. गेवराई तालुक्यातील एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा परिविक्षाधीन उपनिरीक्षक होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून खात्यात आले होते. स्वतंत्र तपास हवा, हे निरीक्षक साहेबांना पहिल्याच महिन्यात सांगून मोकळी झाले होते. त्यांनी ते ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि मला मुद्देमालाच्या खोलीची मोजदाद करायला बसवले. त्या सकाळी मात्र फोन खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, हा अपघात तुमचा."

हमरस्त्यावर वाळूच्या ट्रकने बॅटरीच्या गाडीला धडक दिली होती.

ही गाडी साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. देशात रोज काहीतरी नवे येण्याची ती वर्षे होती. पुण्याकडची एक कंपनी आपली विजेवर चालणारी छोटी मोटार आमच्या भागात चालवून पाहत होती. कडक ऊन, धूळ आणि उखडलेले रस्ते एकाच ठिकाणी मिळतात म्हणून त्यांनी आमचा तालुका निवडला होता. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे लोकांनी तिचे नाव ‘मुकी’ ठेवले होते. कंपनीचा एक कनिष्ठ अभियंता मागच्या आसनावर यंत्रे मांडून बसे आणि गाडी इथलाच एक चालक चालवी. पूर्वी तो गोदावरीच्या वाळूचे ट्रक चालवत असे.

मी पोहोचले तेव्हा अभियंत्याला रुग्णालयात हलवले होते. त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. मुकी तलवाड्याकडून आलेल्या रस्त्याने फाट्याशी हमरस्त्यावर आली, थांबली, रस्ता मोकळा झाल्यावर निघाली आणि ऐन मधोमध जागच्या जागी उभी राहिली. ट्रकने ब्रेक दाबले, तरी मागचे दार आत गेले.

ट्रकचालक पळाला नव्हता. "म्याडम, त्यानं रस्त्याच्या मधी गाडी उभी केली वो. हॉर्न दिऊ दिऊ थकलो, हाललाच न्हाई!"

मुकीचा चालक रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. "म्या उभी केली न्हाई," तो म्हणाला. "ती उभी ऱ्हायली."

दोन्ही वाक्ये मी दोघांच्या शब्दांत टिपून घेतली. पंचनामा केला, क्रेन मागवून गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली. त्या क्षणी हे प्रकरण हयगयीने वाहन चालवण्याचे, म्हणजे साधे होते. पुढच्या दिवशी ते साधे राहिले नाही.

सकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला नकार देणारा पुरुषी आवाज होता. "मुक्या गाडीचा ड्रायव्हर काल फाट्यावर गाडीखाली पडून स्क्रू काढीत होता. म्या डोळ्यानं बघितलं. परवा हाटेलात बी म्हनत होता, ही गाडी ह्या मातीत चालायची न्हाई. जुना मालक त्याला परत बोलावतोय. बघा, काय ते."

त्यापाठोपाठ, रात्रीच निघालेले कंपनीचे वरिष्ठ अभियंते पुण्याहून येऊन पोहोचले. त्यांनी गाडीचा संगणक तपासला आणि आम्हाला समजेल अशा भाषेत निष्कर्ष सांगितला. विजेच्या मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. त्यामुळे भुसभुशीत जागी मागची चाके नुसतीच गरगरण्याचा धोका असतो. ते टाळण्यासाठी गाडीत ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ नावाची यंत्रणा बसवली होती. चारही चाकांचा वेग सतत मोजायचा. ओढणारी मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा जोरात फिरताना दिसली, की ती घसरत आहेत असे समजून मोटारीचा जोर तोडायचा. अपघाताच्या क्षणी संगणकाने नेमका हाच हुकूम दिला होता.

"पण डांबर कोरडे होते," मी म्हणाले. "चाके घसरणार कशावर?"

"तोच मुद्दा आहे," ते म्हणाले. "पुण्यात वर्षभर चालवली, असे एकदाही झाले नाही. इथे आल्यापासून मात्र गाडी अधूनमधून निघतानाच दम तोडते. संगणक निर्दोष आहे, तारा निर्दोष आहेत. आणि हे पाहा."

त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांमागे विजेरीचा झोत टाकला. चाकाचा वेग मोजणारा भाग, म्हणजे ‘सेन्सर’, ज्या स्क्रूने बसवला होता त्यावर कंपनीने लाल रंगाचे सील लावले होते. दोन्हीकडचे सील तुटलेले होते. स्क्रूच्या खाचांवर पेचकसाचे ताजे ओरखडे होते.

हे पाहिल्यावर कंपनीने लेखी तक्रार दिली. साधे कलम जाऊन सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचे कलम लावण्याची वेळ आली. त्यात जामीन सहजासहजी मिळत नाही. चालकाचा परवाना जाणार होता, आणि गाडी चालवण्याखेरीज त्याला दुसरा कामधंदा येत नव्हता. त्याची बायको भाकरीचे फडके घेऊन ठाण्याच्या फाटकाशी बसली होती. मी आत जाताना तिने विचारले, "ताई, त्यांना कवा सोडणार?" मी तिला सावलीत बसायला सांगितले.

चौकशी आमच्या ज्येष्ठ हवालदारांनी सुरू केली. आवाज मोठा, मन त्याहून मोठे, आणि खोटे बोलणाऱ्याचा विलक्षण राग, असा हा माणूस. मी शेजारी बसून लिहीत होते. वरिष्ठ अभियंते दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"फाट्यावर कावून थांबला होता?"

"इंजिनेर साहेबांना चहा प्यायचा होता."

"त्ये चहा पीत व्हते. तू काय करीत व्हता?"

चालकाने क्षणभर दाराकडे पाहिले. "दाढी काढत होतो, साहेब."

"कुठं?"

"तिथंच. लिंबाखाली."

"मंग?"

"एका बाजूची काढली. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, उशीर झाला म्हणून. दुसऱ्या बाजूची ऱ्हायली."

हवालदार उठले, त्याची हनुवटी धरून त्यांनी त्याचे तोंड खिडकीकडे वळवले. दोन्ही गालांवर खुंट सारखेच वाढले होते. आठवडाभर वस्तरा लागला नसावा.

"काढलेली बाजू कोनती बे ह्यातली? का रात्रीतून उगवली? मला येडं समजतो व्हय?"

चालकाने तोंड उघडले, पुन्हा दाराकडे पाहिले आणि मिटले.

मी फाट्यावरच्या केशकर्तनालयात शिपाई पाठवला. दुकानदाराचा जबाब शिपायाने येऊन मला जसाच्या तसा ऐकवला: "त्यो माझ्याकडं आलाच न्हाई. अन् दुकान सोडून लिंबाखाली दाढ्या कराया माझं डोकं फिरलंय का?"

साखळी पूर्ण झाली होती. संधी होती, ओरखडे होते, हॉटेलातील उद्गार होते, आणि आता सिद्ध झालेले खोटे होते. निरीक्षक साहेब म्हणाले, "सेन्सरवर ठसे मिळाले, की संध्याकाळी अटक दाखवू." मग माझ्याकडे पाहून विचारले, "काही म्हणायचंय, बाई?"

"खोटे फार वाईट आहे, साहेब."

"म्हणजे?"

"खोटे बोलणारा माणूस चालेल असे खोटे बोलतो. वाढलेल्या दाढीने ‘दाढी काढली’ असे कोण सांगेल? आणि वर, एका बाजूची?"

साहेबांनी चष्मा पुसला. "विचार चांगला आहे. पण कोर्टात नुसता विचार उभा राहत नाही. संध्याकाळपर्यंतचा वेळ तुमचा." कनिष्ठ अधिकाऱ्याच्या शंकेला दिलेला तो अर्धा दिवस. पुढे अनेक वरिष्ठ पाहिले, तेव्हा त्या अर्ध्या दिवसाची किंमत कळली.

अंगुलीमुद्रा तज्ज्ञ बीडहून आले. शांत गृहस्थ, बोलण्यापेक्षा हात धुण्यात जास्त वेळ घालवणारे. सेन्सरचे आवरण प्लॅस्टिकचे असल्याने त्यांनी चुंबकी ब्रश वापरायचे ठरवले. त्या ब्रशला केस नसतात. टोकाला चुंबक असतो, त्याला लोखंडाची काळी पूड चिकटते आणि त्या पुडीचाच मऊ झुबका होतो. पूड त्यांनी अजून बॅगेतून काढलीही नव्हती. गाडी जॅकवर चढवली, पुढचे उजवे चाक उतरवले. दोन पंचांसमोर वरिष्ठ अभियंत्यांनी हातमोजे घालून उजवीकडचा सेन्सर बाहेर काढला आणि स्वच्छ कागदावर ठेवला.

सेन्सरच्या टोकाला काळी, राठ लव उभी होती.

"माफ करा," तज्ज्ञ पटकन म्हणाले. "माझी पावडर लागलेली दिसते."

मी त्यांच्या बॅगेकडे पाहिले. "तुमची डबी तर बंद आहे."

त्यांनीही पाहिले. डबीचे झाकण पक्के बसलेले होते. हवालदार कंबरेवर हात ठेवून वाकले, डोळे बारीक केले आणि मोठ्याने हसले.

"आरं तिच्या! म्याडम, ह्याला तर दाढी आलीया!"

पंच हसले, शिपाई हसला. मी मात्र तेथून निघून थेट आत गेले. चालक बाकावर बसला होता. सकाळपासून त्याला आम्ही अनेक प्रश्न विचारले होते: दाढी कुठे केलीस, कधी केलीस, कोणत्या न्हाव्याकडे केलीस. एक प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"दाढी कोणाची काढत होतास?"

तो उठून उभा राहिला. "सांगितलं तर नोकरी जाईल, म्याडम. सीलला हात लावायचा न्हाई, असं सही करून घेतलंय."

"नाही सांगितलेस तर नोकरीहून मोठे काही जाईल. तुझी बायको फाटकाशी बसली आहे."

"गाडीची, म्याडम," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरचे ओझे मला डोळ्यांनी उतरताना दिसले. "गाडीची दाढी. चाकाच्या त्या बोंडाला येती."

मग त्याने सगळे सांगितले. गेल्या महिन्यात पंक्चर काढताना त्याला ती काळी लव दिसली. लहानपणी नदीच्या पात्रात फुटक्या रेडिओचा चुंबक दोरीने ओढत नेला, की त्याला अशीच दाढी येई. सगळी पोरे तो खेळ खेळत. त्याने स्क्रू काढून ती अंगठ्याने पुसली आणि त्या दिवशी गाडी एकदाही रुसली नाही. दाढीचा आणि रुसण्याचा संबंध काय, हे त्याला ठाऊक नव्हते. लिंबू-मिरची बांधल्यासारखे तो ते करीत राहिला. "म्हणूनच म्हनलं हाटेलात, ही गाडी ह्या मातीत चालायची न्हाई. धमकी न्हवती वो ती. काळजी व्हती."

मी त्याला आवारात नेले. वरिष्ठ अभियंते कागदासमोर गुडघ्यांवर बसले होते. मला वाटले, सीलवरून चालकाला फैलावर घेतील. त्यांनी नुसते विचारले, "दोन्ही पुढच्या चाकांना येते?"

"व्हय साहेब. ट्रकातली वाळू रस्त्यावर सांडती ना, पुढच्या चाकानं उडती. काल डावी काढली. उजवी ऱ्हायली."

"मागच्यांना?"

"तिथं पत्रा हाय. तिथं येत न्हाई."

अभियंत्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचे ज्ञान आणि माझे ज्ञान त्या क्षणी एकत्र आले, आणि आम्ही दोघेही एकदमच बोलू लागलो. सेन्सर म्हणजे तारेचे वेटोळे घातलेला चुंबक. समोरून चाकाचे दातेरी कडे फिरते आणि प्रत्येक दात्यागणिक तारेत विजेचा एक ठोका उमटतो. चुंबकाला लोहकणांची दाढी आली, की ठोका मंदावतो. गाडी वेगात असताना ठोका मुळातच जोरदार असतो, म्हणून निभावते. पण निघताना, अगदी हळू वेगात, तो इतका क्षीण होतो की संगणकाला पुढचे चाक थांबलेलेच वाटते. मागची चाके फिरताहेत, पुढचे थांबले आहे. म्हणजे मागची घसरत असणार. तोडा जोर! संगणकाने नियमाप्रमाणे हुकूम दिला होता. त्याच्यापर्यंत पोहोचलेली साक्ष तेवढी चुकीची होती.

"पण पुण्यात का नाही?" त्यांनी विचारले.

ते उत्तर माझ्याकडे होते. आपला सारा प्रदेश काळ्या बसाल्ट खडकाचा. त्या खडकातील लोहखनिजाचे काळे दाणे झिजून गोदावरीच्या वाळूत उतरतात. पुण्याच्या स्वच्छ चाचणी मार्गावर गाडी वर्षभर फिरली असेल, पण तिथे वाळूच्या ट्रकांची रांग तिच्या पुढे धावत नव्हती.

निरीक्षक साहेब व्हरांड्यातून ऐकत होते. "सांगितलंत छान. आता दाखवा."

आम्ही प्रयोग मांडला. दाढी न हलवता तोच सेन्सर परत बसवला, चाक चढवले. गाडी चेपलेल्या दारासह कवायतीच्या मैदानात नेली. चालकाला मी मुद्दाम पंचांशेजारी उभे केले. गाडी अभियंत्यांनी चालवली. ती हातभर पुढे सरकली, हिसका खाल्ला आणि थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. पंचांच्या आग्रहावरून पुन्हा. प्रत्येक वेळी तेच घडले. मग सेन्सर काढून दाढी कागदाच्या पुडीत उतरवली, सेन्सर पुसून बसवला. मुकी निघाली आणि मैदानाची फेरी घालून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अर्थातच काही झाला नाही. हवालदारांचा झाला.

"लई ब्येस!" त्यांनी चालकाच्या पाठीवर थाप मारली. "आरं लेका, गाडीची दाढी म्हनायला काय झालतं? म्या तुझी दाढी बघत बसलो!"

"तुमी हनुवटी धरली, मंग मला बोलता येईना, साहेब," चालक म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने हवालदारच हसले, आणि त्याला चहा त्यांनीच आणून दिला.

संध्याकाळी पंचनामा लिहायला बसले, तेव्हा साहेब समोर येऊन बसले. "काय लिहिणार? वाळूची दाढी?"

"पंचनाम्यात ‘चुंबकीय टोकास चिकटलेले काळे लोहकण’. त्याच्या जबाबात मात्र त्याचाच शब्द. ‘दाढी’."

"शब्द बदलायचा नाही, हे बरोबर." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. "आणि त्या पुडीचं वजन करा. वजन लिहिलं, की कोर्ट हसत नाही."

बाजारातील एका सराफाला काटा घेऊन बोलावले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात मखमली डबी. पुडी उघडून त्यांनी आत पाहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "म्याडम, ह्यात घट किती धरू?" दागिन्यातल्या भेसळीपोटी वजनात घट धरणारा माणूस, ठाण्यात आल्यावरही त्याची ती सवय सुटली नव्हती. मी म्हणाले, "शेठ, ह्यात सगळे खरेच आहे."

चालकावर गुन्हा लागला नाही. सील तोडल्याबद्दल कंपनीने त्याला समज दिली आणि कामावर कायम ठेवले. पुढच्या गाड्यांत त्या सेन्सरवर पितळेची टोपी बसवली गेली. जखमी अभियंता काठी टेकत परत आला, तेव्हा तो पहिल्यांदा चालकाच्या घरी जेवायला गेला, असे मी ऐकले. फोन करणारा कोण, ते कधी कळले नाही. त्यानेही पाहिले ते खरेच सांगितले होते, म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना चालकाच्या बायकोने माझे दोन्ही हात हातांत घेतले. मग म्हणाली, "ताई, आता घरला नेऊन पयली ह्यांची दाढी करविते."

पुढे मी बरीच वर्षे नोकरी केली, बरीच मोठी प्रकरणे हाताळली आणि स्वेच्छेने निवृत्त झाले. चौकशीच्या खोलीत मी एक सवय मात्र कधी सोडली नाही. माणूस एखादा ओळखीचा शब्द उच्चारतो, तेव्हा आपण त्यात आपला अर्थ भरतो आणि मग त्या अर्थाचा पुरावा शोधत फिरतो. म्हणून शब्द कानावर पडला, की आधी विचारायचे: कोणाची? कशाची? या एका सवयीने किती निरपराध माणसे वाचली, ते मोजता येणार नाही. ती सवय मला देणाऱ्यांचे ऋण मात्र मला नावानिशी आठवते, जरी ती नावे इथे लिहायची नाहीत. अर्धा दिवस देणारे साहेब, डबी न उघडता हात धुणारे तज्ज्ञ, मोठ्याने हसणारे हवालदार, आणि भीतीपोटी अर्धेच का होईना, पण खरे बोलणारा तो चालक.

त्या संध्याकाळी सराफांनी काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला होता. दोन्ही पंच वाकून पाहत होते. चालक दारात उभा होता; आपल्या अटकेचे वजन किती, ते त्यालाही पाहायचे होते. काटा थांबला. सराफ म्हणाले, पाच गुंजांहून वाईच जास्त. मी पंचनाम्याची शेवटची ओळ लिहिली आणि खाली सही केली.

काळे लोहकण, एकूण वजन: ६२० मिलिग्रॅम.